हरलात? या, बसा!

निवडणुकीत पडल्यावर माणसाने काय करावे, याबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, मतदारांचे आभार मानणारा फ्लेक्स लावावा आणि पुढची पाच वर्षे प्रभागातल्या लग्नांना, बारशांना, मयतांना न चुकता हजेरी लावत थांबावे. दुसरा म्हणतो, फ्लेक्स लावावाच, पण थांबायचे कशाला? मतदारांनी पुढचे दार लावून घेतले असेल, तर घेऊ द्या. महापालिकेच्या इमारती जुन्या, दगडी आणि ऐसपैस असतात. मागून जिना असतोच.

हा दुसरा पंथ फक्त महाराष्ट्रात आहे, अशा समजुतीने कोणी शरमून जाऊ नये. त्याची एक देखणी शाखा अमेरिकेत आहे.

सिएटल हे शहर आपल्याला परके नाही. अ‍ॅमेझॉनचे मुख्यालय तिथे, मायक्रोसॉफ्ट शेजारी, आणि कोथरूड-डोंबिवलीच्या निम्म्या आईवडिलांचे सहा महिन्यांचे वास्तव्य त्या परिसरात, नातवंडांपाशी. शिवाय पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत त्या शहराच्या सिटी कौन्सिलमध्ये दहा वर्षे होत्या. २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदाला बंदी घालणारा शहराचा कायदा त्यांनीच आणला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, पुन्हा उभे न राहता, त्या बाहेर पडल्या. त्या गेल्यावर महिनाभरात तिथे जे घडले, ते पाहून आपल्या कोणत्याही गटनेत्याला माहेरी आल्यासारखे वाटले असते.

कौन्सिलमध्ये सदस्य नऊ. छापण्यात चूक नाही, नऊच. मुंबईत २२७ आहेत, पुण्यात १६५. नऊ जणांत गट, उपगट आणि नाराज गट कसे पाडायचे, हा प्रश्न आपल्याला पडेल. तिथल्या लोकांना तो अजिबात पडत नाही. नऊपैकी सात आपापल्या विभागातून निवडून येतात आणि दोन संपूर्ण शहरातून. त्या दोघांपैकी तेरेसा मोस्केडा नोव्हेंबर २०२३ मध्ये वरच्या, म्हणजे किंग काउंटीच्या, कौन्सिलवर निवडून गेल्या आणि जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी शहरातली जागा सोडली. खुर्ची रिकामी झाली.

शहराची सनद सांगते की, अशी जागा उरलेल्या सदस्यांनी वीस दिवसांत भरावी. नाही भरता आली, तर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी बसावे आणि नाव ठरेपर्यंत रोज मतदान करावे. हा नियम आपल्याकडे आणला, तर एवढेच होईल की महापालिकेच्या कँटीनचा ठेका घ्यायला झुंबड उडेल.

सत्तरहून अधिक लोकांनी अर्ज केले. आठ सदस्यांनी प्रत्येकी एक नाव पुढे केले. त्या आठ जणांची लोकांसमोर प्रश्नोत्तरे झाली. मग २३ जानेवारीला सभागृहात नावानिशी मतदान झाले आणि आठपैकी पाच मतांनी टान्या वू यांची वर्णी लागली.

टान्या वू कोण? तर अडीच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, दोन क्रमांकाच्या विभागातून टॅमी मोरालेस यांच्याविरुद्ध उभ्या राहून चारशेच्या आसपास मतांनी हरलेल्या उमेदवार. एका विभागाने नोव्हेंबरात ‘नको’ म्हटले आणि जानेवारीत अख्ख्या शहराचे प्रतिनिधित्व हाती आले. याला पराभव म्हणत नाहीत, बढती म्हणतात.

वू यांच्यावर अन्याय नको. चायनाटाउनमध्ये रात्रीची गस्त घालणारा गट त्यांनी उभा केला होता, वस्तीत त्यांचे काम होते आणि चारशे मतांनी पडणे म्हणजे काही अनामत जप्त होणे नव्हे. पण त्याच सुमारास एक ई-मेल फुटली. पूर्वी शहराचे उपमहापौर राहिलेल्या आणि आता राजकीय सल्ला विकणाऱ्या एका गृहस्थांनी, निवडणुकीत पैसा ओतलेल्या देणगीदारांना कळवले होते की, या रिकाम्या जागेबाबत कौन्सिलला आपले म्हणणे सांगण्याचा हक्क तुम्ही कमावलेला आहे. तेव्हा वू यांच्यासाठी शब्द टाका. अशा आशयाचे ते पत्र होते, आणि ते वर्तमानपत्रांत आले.

आपल्याकडे असे पत्र फुटणे शक्य नाही, याचा मला अभिमान आहे. फुटायला ते आधी लिहावे लागते. आपल्याकडे फोन असतो, आणि तोही ‘इथे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर कर’ एवढे बोलून ठेवलेला.

आता गंमत पुढे आहे. ज्या मोरालेस यांनी वू यांना हरवले, त्यांच्या बैठकांना वू आता सहकारी म्हणून येऊ लागल्या. वर्षभरात मोरालेस वैतागल्या. सहकारी आपल्याला त्रास देतात, काम करू देत नाहीत, असे सांगून त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. पुन्हा जागा रिकामी. पुन्हा सनद, पुन्हा वीस दिवस, पुन्हा अर्ज. जानेवारी २०२५ मध्ये त्या जागेवर कोण बसले? मार्क सॉलोमन. सॉलोमन कोण? तर २०१९ मध्ये याच विभागात याच मोरालेस यांच्याकडून हरलेले उमेदवार.

एका बाईने दोन निवडणुकांत दोघांना हरवले. त्यांतली एक शेजारी येऊन बसली आणि दुसरा थेट तिच्याच खुर्चीत. एवढा नेटका सूड आपल्याकडच्या मालिकावाल्यांनाही सुचला नसता; त्यांनी मध्ये निदान एक पुनर्जन्म घातला असता.

तरीही मी सिएटलला नमस्कार करतो, आणि त्याचे कारण त्या जागेच्या मुदतीत आहे. नेमलेला माणूस तिथे पुढच्या निवडणुकीपर्यंतच बसतो. वू नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे गेल्या आणि अ‍ॅलेक्सिस मर्सिडीज रिंक यांनी त्यांना दणकून हरवले. दोन वर्षांत दोनदा, तेही एकदा खुर्चीवर बसून. सॉलोमन शहाणे निघाले: मी फक्त उरलेला काळ सांभाळीन, निवडणूक लढवणार नाही, असे ते आधीच सांगून बसले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या विभागाने एडी लिन यांना निवडले. आणि ज्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात या दोन्ही नेमणुका झाल्या, त्या सारा नेल्सन यांनाही मतदारांनी त्याच निवडणुकीत घरी पाठवले. हिशेब पूर्ण. कोणी कोणाला मत दिले, हे नावानिशी नोंदलेले असल्यामुळे राग कोणावर काढायचा, याबद्दल मतदारांचा गोंधळ झाला नाही.

लॉस एंजेलिसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १५ सदस्य. २०२१ मध्ये मार्क रिडली-थॉमस लाचखोरीच्या आरोपात अडकले, कौन्सिलने त्यांना निलंबित केले आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी हर्ब वेसन यांना आणले. वेसन त्याच विभागाचे जुने नगरसेवक, कौन्सिलचे माजी अध्यक्ष. कायद्याने जितक्या वेळा निवडून येता येते, तितक्या वेळा येऊन गेलेले. लोक न्यायालयात गेले, न्यायालयाने मनाई केली, वेसन बाहेर आणि हेदर हट आत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कौन्सिलच्या अध्यक्ष नूरी मार्टिनेझ यांची चोरून केलेली ध्वनिफीत बाहेर आली. त्यातल्या वांशिक शेरेबाजीने त्यांचे पद गेले, नगरसेवकपदही गेले. ध्वनिफितीत इतर गप्पांबरोबर रिडली-थॉमस यांच्या जागेचे काय करायचे, हाही विषय होता. मार्टिनेझ यांची जागा भरताना मात्र कौन्सिलने नेमणुकीच्या वाटेला न जाता सरळ पोटनिवडणूक लावली. दुधाने तोंड इतके पोळले होते की ताक कोणी फुंकूनही प्यायला तयार नव्हते.

आता आपल्या घरी येऊ.

रिकाम्या जागेबाबत आपला कायदा एकदम सोवळा आहे. नगरसेवक वारला, त्याने राजीनामा दिला किंवा तो अपात्र ठरला, तर पोटनिवडणूक. उरलेल्यांनी आपसांत बसून नवा माणूस घ्यायचा, ही भानगड नाही. कागदावर आपण सिएटलपेक्षा चार बोटे अधिक लोकशाहीवादी आहोत. पोटनिवडणूक प्रत्यक्षात होते का, असे विचारू नये. लोकसभेचेच पाहा: पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. जागा सहा महिन्यांत भरायची असते. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला तात्काळ पोटनिवडणूक घ्यायला सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक येईपर्यंत पुण्याला लोकसभेत खासदार नव्हता. फरक किती पुणेकरांना जाणवला, हा प्रश्न मी पुणेकर मित्रांसमोर काढत नाही. ते उत्तर देतात.

तर कायद्याने रिकामी जागा भरता येत नाही, आणि पडलेल्या भाऊंना बसवायचे तर आहे. म्हणून आपण न रिकामी होणारी जागा शोधून काढली: स्वीकृत नगरसेवक.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ मध्ये ही तरतूद आणली, आणि हेतू इतका चांगला होता की वाचताना गहिवरून येते. नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात स्थान द्यावे. त्यांनी बोलावे, सल्ला द्यावा. मतदान मात्र करू नये. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम केले. डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल, शिक्षणतज्ज्ञ यांना पाच वर्षांचा अनुभव हवा. महापालिकेतले निवृत्त वरिष्ठ अधिकारीही चालतील. इथपर्यंत वाचले की डोळ्यांसमोर एखादी भारदस्त समिती उभी राहते. चष्मे, फायली, जलनिस्सारणाचे नकाशे.

आणि मग येते ते कलम. समाजकल्याणाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा पदाधिकारी, अनुभव पाच वर्षे.

सगळा महाराष्ट्र या एका कलमातून आत शिरला. आपल्याकडे ज्याच्या नावावर एखादे प्रतिष्ठान, मंडळ, क्रीडा संस्था किंवा (कुलूप लावलेले) वाचनालय नाही, असा इच्छुक उमेदवार दाखवा आणि हजार रुपये मिळवा. संभाषण साधारण असे होते:

“साहेब, माझं काय?”

“भाऊ, तू थोडक्यात गेलास.”

“अकराशे मतांनी.”

“तेच म्हणतोय. थोडक्यात. बघू स्वीकृतमध्ये.”

“पण त्याला डॉक्टर-वकील लागतो म्हणे.”

“तुझी ती संस्था आहे ना? व्यायामशाळेची?”

“आहे. पण वादळात पत्रे उडाले, तेव्हापासून बंद आहे.”

“नोंदणी?”

“नोंदणी आहे.”

“मग झालं तर. दंड-बैठका कोण मोजतंय?”

या भाऊंच्या नावाला कोणाची हरकत येते का? येते. पक्षातल्या दुसऱ्या भाऊंची. त्यांनी निवडणुकीत अर्ज मागे घेतला तेव्हा त्यांनाही शब्द दिलेला असतो. आणि तिसरे भाऊ दुसऱ्या पक्षातून आलेले असतात, त्यांना तर दोन साहेबांचे शब्द असतात. राजकारणात तिकीट एकाला मिळते, शब्द मात्र सगळ्यांना मिळतो. मग तोडगा निघतो. नगर परिषदांत हा फार जुना आहे: एकाच खुर्चीवर वर्षावर्षाने एकेक जण. वर्ष झाले की ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा. हे विशेष ज्ञान पाच वर्षांत पाच माणसांतून वाहत जाते आणि गाव तज्ज्ञतेने ओलेचिंब होते.

नियमाप्रमाणे नावे कोण सुचवतो? आयुक्त. तो सभागृह नेता, विरोधी पक्षनेता आणि गटनेते यांच्याशी विचारविनिमय करतो. पक्षांच्या बळानुसार वाटा ठरतो. हा विचारविनिमय असा चालतो की गटनेता लिफाफा देतो आणि आयुक्त तो घेतो. लिफाफ्यातले नाव गटनेत्यालाही रात्री उशिरा कळलेले असते. नागरिकांना ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळते, गुलाल लावलेल्या फोटोसकट.

आधी कोणी विचारले असते तर काय टळले असते, याचे उदाहरण ताजे आहे. २०२६ च्या जानेवारीत बदलापुरात, तिथल्या शाळेतल्या बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणात सहआरोपी असलेल्या संस्थाचालकाला सत्ताधारी पक्षाने स्वीकृत नगरसेवक केले. गावात संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा आला. यावर विनोद करणार नाही. एवढेच विचारतो: ते नाव आठवडाभर आधी पालिकेच्या फलकावर लागले असते, तर लिफाफा उघडायची वेळ तरी आली असती का?

स्वीकृत सदस्याला मत नसते, हे त्याच्या बाजूने आवर्जून सांगितले जाते. मत नाही, मग बिघडते काय? बिघडत काहीच नाही. भाऊंना मत नकोच असते. मत दिले की नोंद होते, नोंद झाली की बाजू घ्यावी लागते. भाऊंना हवी असते गाडीच्या काचेवरची पाटी, लेटरहेड, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये न विचारता शिरायची मुभा आणि फ्लेक्सवर ‘नगरसेवक’ ही सहा अक्षरे. ‘स्वीकृत’ हेही छापतात. ते पाहायला शिडी लागते.

ही जागा वाईट आहे, असे मला वाटत नाही. उलट, तिची गरज आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचता येणारा एखादा सनदी लेखापाल सभागृहात बसला, विकास आराखड्यावर बोट ठेवून ‘इथे ओढा होता’ असे सांगणारा एखादा जुना अभियंता बसला, तर मत नसतानाही तो सभा हलवू शकतो. असे लोक शहरात आहेत. ते निवडणूक लढवत नाहीत, कारण त्यांना परवडत नाही आणि सोसायटीतही त्यांचे कोणी ऐकत नाही. त्यांच्यासाठीच हे दार केले होते. आपण त्यांना दाराबाहेर उभे केले आणि भाऊंना आत घेतले.

बरे, तज्ज्ञांची टंचाई शासनाला जाणवत नव्हती, असेही नाही. २०२३ मध्ये महापालिकांतल्या स्वीकृत सदस्यांची मर्यादा पाचावरून दहावर नेली: निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांत कमी असेल तो आकडा. निर्णय झाला तेव्हा मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांपैकी एकाही महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुहूर्त ठरलेला नाही, नवरा-नवरीचा पत्ता नाही, आणि मामांच्या मानपानाची पाकिटे दुप्पट करून ठेवली.

हो, तेही सांगायला हवे. सिएटलने नऊपैकी एक जागा रिकामी झाली म्हणून वीस दिवसांची घाई केली, याचे आपल्याला हसू यावे अशी आपली स्वतःची कामगिरी आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. २२७ जागा एकाच रात्री रिकाम्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या एकाच माणसाने भरल्या. त्याला प्रशासक म्हणतात. तो आधीपासूनच आयुक्त होता. पुण्याची मुदत त्याच महिन्यात १४ तारखेला संपली. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई तर २०२० पासूनच नगरसेवकांविना होत्या.

नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही आणि निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण करावी, असे तीच घटना त्याच भागात सांगते. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद होता. शिवाय प्रभाग किती सदस्यांचा, हा गहन प्रश्न होता: एका सरकारने तीन केले, दुसऱ्याने चारवर आणले. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ झाल्या आणि पुन्हा २२७. रांगोळी पुसून पुन्हा काढण्यात जवळजवळ चार वर्षे गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितले, मग तीही मुदत वाढली आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले.

मधल्या काळात कारभार कसा चालला? छान चालला. महापालिकेत एरवी आयुक्त स्थायी समितीला अर्थसंकल्प सादर करतात, समिती प्रश्न विचारते, नगरसेवक ओरडतात, कोणीतरी रिकामा हंडा घेऊन येते. मुंबईत या काळात आयुक्तांच्या प्रशासनाने अर्थसंकल्प प्रशासकांना सादर केला आणि प्रशासक आयुक्तच असल्यामुळे दोघांत मतभेद झाल्याचे कधी ऐकू आले नाही. २०२५-२६ चा आकडा ७४,४२७ कोटी रुपये होता. देशातल्या काही छोट्या राज्यांचाही एवढा नसतो. त्यावर हंडा घेऊन यायला सभागृहात कोणी नव्हते.

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. लोक नगरसेवकाला फोन लावत होते. तो माजी होता. आला, गाळात उभा राहिला, अधिकाऱ्यांना फोन केले. पण महापालिकेत जाब विचारायला सभाच नव्हती. माजी नगरसेवकांची त्या चार वर्षांतली अवस्था खरोखर पाहवत नव्हती. पद नाही, निधी नाही, तरी गटार तुंबले की दारावर थाप त्यांच्याच. मी सहसा या जमातीबद्दल कळवळत नाही. तेव्हा कळवळलो.

आणि महापालिकेला एकटीला दोष कशाला? विधान परिषदेत राज्यपालांनी नेमायच्या बारा जागा असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. २०२० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या सरकारने बारा नावे राजभवनावर पाठवली. राज्यपालांनी ‘हो’ म्हटले नाही, ‘नाही’ म्हटले नाही. सरकार गेले, यादी मागे घेतली गेली, राज्यपालही गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या दिवशी, त्यांतल्या सात जागा भरल्या. सिएटलची सनद त्या काळात राजभवनावर लागू असती, तर बिचाऱ्यांना हजाराहून अधिक दिवस रोज मतदान घ्यावे लागले असते.

म्हणजे आपली रीत अशी दिसते. जागा लोकांनी भरायची असेल, तर ती चार वर्षे रिकामी राहू शकते. जागा साहेबांनी भरायची असेल, तर निकालाच्या रात्रीच यादी तयार असते. फक्त त्यांच्या वरच्या साहेबांचे दुसऱ्या पक्षाच्या साहेबांशी पटत नसेल, तर तीही रिकामी राहते. यात शहराचा संबंध कुठे येतो, ते मला शोधूनही सापडले नाही.

सिएटलसारखे करा, असे मी म्हणत नाही. त्यांनीही पडलेल्यालाच बसवले, तेही दोनदा. पण अर्ज उघड मागवले, नावे आधी जाहीर केली, उमेदवारांना लोकांसमोर उभे केले, हात वर करणाऱ्याचे नाव लिहून ठेवले आणि पुढच्या नोव्हेंबरात मतदाराला रबरी शिक्का हातात दिला. (शिक्का आपला, जुन्या काळचा; त्यांच्याकडे मतपत्रिका टपालाने जाते.) आपल्या नियमांत यातले काही आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. पंधरा दिवस आधी नावे आणि पात्रतेचे कागद महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका, हरकती मागवा, एका संध्याकाळी या मंडळींना सभागृहात उभे करून त्यांना अर्थसंकल्पाचे कोणतेही एक पान वाचायला सांगा. भाऊंपैकी निम्मे त्याच संध्याकाळी वैयक्तिक कारणास्तव माघार घेतील.

सरकार हे आपणहून करील, अशी आशा ठेवू नका. तोवर एक काम तुमच्या हातात आहे. तुमच्या महापालिकेत नुकतेच स्वीकृत सदस्य नेमले गेले असतील. नगरसचिव कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा साधा अर्ज लिहा. प्रत्येक स्वीकृत सदस्य कोणत्या पात्रतेखाली नेमला, संस्थेचा पदाधिकारी म्हणून नेमला असेल तर संस्था कोणती, तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि पाच वर्षांचा अनुभव कोणत्या कागदावरून मान्य केला त्याची प्रत, एवढे मागा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात. संस्थेचा पत्ता मिळाला, तर एकदा जाऊन या. पत्रे बसवले की नाही, ते मलाही कळवा.